बँकेच्या वेबसाइटचं नाव बदलतं, तेव्हा पडद्यामागे काय होतं? डोमेन झोन आणि कमांड लाइन, सोप्या भाषेत

२०२५ मध्ये तुमच्या बँकेच्या वेबसाइटचा पत्ता बदलला, हे तुमच्या लक्षात आलं का?

रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ रोजी एक परिपत्रक काढलं. देशातल्या बँकांनी आपल्या वेबसाइट ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या नावावर न्याव्यात आणि हे काम ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत पूर्ण करावं, असं त्यात म्हटलं होतं. त्यानुसार स्टेट बँकेचा पत्ता ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’ झाला.

हे परिपत्रक फक्त मोठ्या बँकांसाठी नव्हतं. नागरी सहकारी बँका, राज्य सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही त्यात होत्या. म्हणजे मुंबईत मुख्यालय असलेली बँक आणि जालन्याच्या बाजारपेठेतली नागरी सहकारी बँक, दोघींनाही मुदत एकच.

कारण साधं होतं. बँकेच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन खोटी वेबसाइट उभी करायची आणि खातेदाराचा पासवर्ड काढून घ्यायचा, हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे. ‘डॉट कॉम’ किंवा साधं ‘डॉट इन’ नाव कुणीही विकत घेऊ शकतो. ‘बँक डॉट इन’ मात्र फक्त बँकांनाच मिळतं. ते देण्याचं काम रिझर्व्ह बँकेने १९९६ मध्ये स्थापन केलेल्या हैदराबादच्या ‘आयडीआरबीटी’ या संस्थेकडे आहे.

पण नाव मिळालं म्हणजे वेबसाइट सुरू झाली, असं होत नाही. त्या नावामागे एक नोंदवही लागते. तिला ‘झोन’ म्हणतात. ही नोंदवही चुकली, तर बँकेची वेबसाइट, अ‍ॅप आणि ईमेल एकाच वेळी बंद पडू शकतात. आजकाल ती बहुतेकदा क्लाउडवर असते आणि अनेक ठिकाणी ती माउसने नव्हे, तर कमांड टाइप करून सांभाळली जाते.

हे काम नेमकं कसं चालतं आणि त्यात चूक कुठे होते, ते समजून घेऊ.

डीएनएस म्हणजे काय?

इंटरनेटवरच्या प्रत्येक सर्व्हरला आकड्यांचा पत्ता असतो. उदाहरणार्थ, २०३.०.११३.१०. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, नाव राहतं. त्यामुळे नाव दिलं की आकडा सांगणारी एक व्यवस्था लागते. तिचं नाव ‘डोमेन नेम सिस्टीम’, म्हणजेच डीएनएस.

सुरुवातीला सगळ्या संगणकांची नावं एकाच फाइलमध्ये असायची. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती ठेवली जायची आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. संगणक वाढले तशी एक फाइल पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नवी पद्धत मांडली. सगळ्या नावांची एकच यादी ठेवायची नाही, तर कामाची वाटणी करायची. प्रत्येकाने आपापल्या हद्दीतली नावं सांभाळायची.

मग झोन म्हणजे काय?

ही वाटणी समजायला जालना जिल्ह्याचंच उदाहरण घेता येईल.

१ मे १९८१ पूर्वी जालना हा वेगळा जिल्हा नव्हता. जालना, अंबड, भोकरदन आणि जाफ्राबाद हे तालुके तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होते, तर परतूर परभणी जिल्ह्यात. जिल्हा वेगळा झाला आणि या तालुक्यांचं दप्तर जालन्याच्या कलेक्टर कचेरीकडे आलं. त्यानंतर अंबडच्या कामासाठी कुणी औरंगाबादला गेलं, तर उत्तर एकच: ‘हे आता इथे नाही, जालन्याला विचारा.’

डीएनएसमध्ये अगदी हेच होतं. वरच्या कचेरीला खालचे तपशील माहीत नसतात. कुणाला विचारायचं, एवढंच तिला माहीत असतं. अधिकार असा खाली सोपवण्याला ‘डेलिगेशन’ म्हणतात. ज्या हद्दीची नोंदवही एका ठिकाणी सांभाळली जाते, ती हद्द म्हणजे झोन.

सगळ्यात वर ‘रूट’ असतो. त्याचे ‘ए’ ते ‘एम’ अशा १३ नावांचे सर्व्हर आहेत. रूट सांगतो, ‘डॉट इन’ची माहिती कुणाकडे आहे. ‘डॉट इन’ची नोंदणी ‘निक्सी’ ही भारतीय संस्था सांभाळते. तिथून पुढे बँकेच्या स्वतःच्या झोनचा पत्ता मिळतो आणि खरं उत्तर त्या झोनमध्ये असतं. झोन ज्या सर्व्हरवर ठेवलेला असतो, त्याला ‘नेम सर्व्हर’ म्हणतात.

झोनमध्ये काय लिहिलेलं असतं?

झोन म्हणजे एकेका ओळीच्या नोंदी. या नोंदींना ‘रेकॉर्ड’ म्हणतात. नेहमी लागणारे प्रकार असे:

‘ए’ रेकॉर्ड: नावापुढे सर्व्हरचा आकड्यांचा पत्ता.

‘सीनेम’ रेकॉर्ड: हे नाव म्हणजे त्या दुसऱ्या नावाचंच टोपणनाव, असं सांगणारी नोंद.

‘एमएक्स’ रेकॉर्ड: या नावावर आलेला ईमेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा.

‘टीएक्सटी’ रेकॉर्ड: साधा मजकूर. पण बँकेसाठी तो फार महत्त्वाचा. आपल्या नावाने ईमेल पाठवण्याची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे आणि बनावट ईमेलचं काय करायचं, हे त्यातच लिहिलेलं असतं.

‘एनएस’ रेकॉर्ड: या झोनचे नेम सर्व्हर कोणते.

प्रत्येक नोंदीसोबत ‘टीटीएल’ नावाचा एक आकडा असतो. हे उत्तर किती सेकंद जपून ठेवायला हरकत नाही, हे तो सांगतो. ३६०० म्हणजे एक तास.

टीटीएल समजायला सातबारा आठवा. जमिनीचा फेरफार मंजूर झाला, तरी तुमच्या घरी असलेल्या जुन्या झेरॉक्सवर आधीच्याच मालकाचं नाव दिसतं. नवा उतारा काढेपर्यंत ते बदलत नाही. टीटीएल म्हणजे या झेरॉक्सची मुदत. झोनमध्ये तुम्ही आत्ता बदल केला, तरी ज्यांनी जुनं उत्तर जपून ठेवलंय, त्यांना मुदत संपेपर्यंत जुनंच दिसतं.

झोन क्लाउडवर का ठेवतात?

पूर्वी अनेक संस्था स्वतःच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर किंवा वेबसाइट बनवून देणाऱ्या एजन्सीकडे झोन ठेवायच्या. ऑफिसातली वीज गेली किंवा एजन्सीचा सर्व्हर बंद पडला, की नाव गायब.

क्लाउड कंपन्यांची हीच सेवा जगभरातल्या अनेक सर्व्हरवरून चालते. अ‍ॅमेझॉनच्या सेवेचं नाव ‘रूट ५३’ आहे. डीएनएस ५३ क्रमांकाच्या पोर्टवर चालतं, म्हणून हे नाव. ती २०१० मध्ये सुरू झाली. मायक्रोसॉफ्टची ‘अझ्युअर डीएनएस’ आणि गूगलची ‘क्लाउड डीएनएस’ या तशाच सेवा. रूट ५३ आणि अझ्युअर या दोन्हींचे जाहीर दर पहिल्या २५ झोनसाठी प्रत्येकी महिन्याला अर्धा डॉलर असे आहेत. किती वेळा विचारणा झाली, त्याचे थोडे पैसे वेगळे. म्हणजे छोट्या बँकेलाही ही सेवा परवडते.

इथे एक गैरसमज होतो. अझ्युअरचं एक केंद्र पुण्यात आहे, म्हणून झोनही पुण्यातच राहील, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. वेबसाइटचा सर्व्हर एखाद्या ठरावीक शहरात असू शकतो, पण झोनची उत्तरं जगभरातल्या नेम सर्व्हरवरून दिली जातात.

कमांड लाइनच का?

या सगळ्या कंपन्यांची वेबसाइट आहे. तिथे बटणं दाबूनही झोन तयार करता येतो. मग काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करायची कशाला?

पहिलं कारण म्हणजे पुरावा. बटण दाबून केलेलं काम दुसऱ्याला दाखवायचं, तर स्क्रीनशॉट काढावे लागतात. कमांड मात्र लिहिलेली असते. ती आधी कागदावर उतरवता येते, दुसऱ्याकडून तपासून घेता येते आणि सहा महिन्यांनी ‘हे कुणी, का केलं’ असा प्रश्न आला तर पाहता येते.

दुसरं कारण म्हणजे तेच काम पुन्हा तसंच करता येतं. ४० नोंदी हाताने भरताना एखादा आकडा चुकतोच. फाइलमधून भरल्या, तर ती फाइल बरोबर आहे की नाही, एवढंच पाहावं लागतं.

तिसरं कारण, त्यासाठी मोठा संगणक लागत नाही. ‘अझ्युअर क्लाउड शेल’ ब्राउझरमध्येच उघडतं. अंबड किंवा मंठ्यातल्या शाखेतल्या साध्या लॅपटॉपवरूनही हे काम होऊ शकतं.

पण याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. बरोबर कमांड जितक्या वेगाने चालते, तितक्याच वेगाने चुकीचीही चालते.

प्रत्यक्षात काम कसं होतं?

समजा, जालन्यातल्या एका नागरी सहकारी बँकेला ‘नमुना डॉट बँक डॉट इन’ हे नाव मिळालं. बँक काल्पनिक आहे, पायऱ्या खऱ्या. इथे अझ्युअरचं उदाहरण घेतलंय. कमांड प्रत्यक्षात इंग्रजी लहान अक्षरांत टाइप होतात, इथे त्यांचे उच्चार दिलेत.

पायरी १: जुन्या नोंदींची प्रत काढा. जुना झोन अझ्युअरवरच असेल, तर ‘एझेड नेटवर्क डीएनएस झोन एक्स्पोर्ट’ ही कमांड सगळ्या नोंदी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवते. झोन एजन्सीकडे असेल, तर त्यांच्याकडून ही फाइल मागून घ्यावी. या फाइलची रचना १९८७ मध्ये ठरली आणि आजही तीच चालते. त्यामुळे एका कंपनीतली फाइल दुसरीकडे वाचता येते.

पायरी २: नवा झोन तयार करा. ‘एझेड लॉगिन’ करून आत गेल्यावर ‘एझेड नेटवर्क डीएनएस झोन क्रिएट’ ही कमांड द्यायची. सोबत कोणत्या गटात आणि कोणत्या नावाने, हे सांगायचं. उत्तरात चार नेम सर्व्हरची नावं येतात. ती नीट जपून ठेवायची.

पायरी ३: नोंदी भरा. एकेक नोंद ‘रेकॉर्ड-सेट’च्या कमांडने भरता येते किंवा ‘झोन इम्पोर्ट’ने पूर्ण फाइल. मात्र जुनी फाइल जशीच्या तशी ओतायची नाही. तिच्यात जागोजागी जुनं नाव असतं आणि जुन्या नेम सर्व्हरच्या ओळीही असतात. ईमेलवर सही करणाऱ्या किल्ल्या नव्या नावासाठी वेगळ्या घ्याव्या लागतात.

पायरी ४: जगाला सांगण्याआधी तपासा. ‘डिग’ किंवा ‘एनएसलुकअप’ या छोट्या प्रोग्रॅमने थेट त्या चार नेम सर्व्हरना प्रश्न विचारता येतो. वेबसाइटचा पत्ता बरोबर येतोय का? ईमेलची नोंद आहे का? या घडीला झोन तयार असतो, पण बाहेरच्या कुणालाच त्याचा रस्ता माहीत नसतो. चूक सापडली तर कुणाचंही नुकसान न होता ती दुरुस्त होते. ही पायरी गाळली, तर तीच चूक खातेदाराला सापडते.

पायरी ५: डेलिगेशन करा. चार नेम सर्व्हरची नावं नोंदणी करणाऱ्या संस्थेला द्यायची. ‘आता जालन्याला विचारा’ अशी नोंद वरच्या दप्तरात झाली, की झोन खऱ्या अर्थाने सुरू होतो.

पायरी ६: कुलूप लावा. ‘एझेड लॉक क्रिएट’ या कमांडने झोनवर ‘पुसता येणार नाही’ असं कुलूप लावता येतं. हे का गरजेचं आहे, ते पुढे पाहू.

चुका कुठे होतात?

एका टिंबाची चूक. झोनच्या फाइलमध्ये पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यावं लागतं. ते राहिलं, तर संगणक त्या नावापुढे झोनचं नाव पुन्हा जोडतो. ‘मेल डॉट नमुना डॉट बँक डॉट इन’चं ‘मेल डॉट नमुना डॉट बँक डॉट इन डॉट नमुना डॉट बँक डॉट इन’ होतं. वेबसाइट चालू राहते, पण ईमेल येणं बंद होतं. बिघाड दिसत नसल्याने तो सापडायलाही वेळ लागतो.

झोन पुसला जाणं. इथे कंपन्यांचे नियम वेगवेगळे आहेत. रूट ५३ आणि गूगलमध्ये झोनमध्ये नोंदी शिल्लक असतील, तर झोन पुसता येत नाही. अझ्युअर एकदा ‘नक्की का?’ विचारतं आणि ‘हो’ म्हटलं की सगळ्या नोंदींसह झोन पुसतं. तो परत आणता येत नाही. त्याच नावाने नवा झोन तयार केला, तरी नेम सर्व्हर वेगळे मिळू शकतात. मग वरचं दप्तर जुन्याच ठिकाणी बोट दाखवत राहतं. म्हणूनच आधी कुलूप लावायचं आणि झोनची प्रत वेगळीकडे जपायची.

लोंबकळती नोंद. क्लाउडवरची एखादी जुनी सेवा बंद केली, पण तिच्याकडे बोट दाखवणारी ‘सीनेम’ नोंद झोनमध्ये तशीच राहिली, तर धोका असतो. सुटलेलं ते नाव क्लाउडवर दुसरा कुणी घेऊ शकतो. मग बँकेच्या खऱ्या नावाखाली त्याचं पान उघडतं. आधी नोंद काढायची आणि मगच सेवा बंद करायची, हा क्रम म्हणून महत्त्वाचा.

अर्धवट बदल. जुनी नोंद काढली आणि नवी घालण्याआधीच नेट गेलं तर? यासाठी गूगलच्या कमांडमध्ये ‘ट्रान्झॅक्शन’ची सोय आहे. काढायच्या आणि घालायच्या नोंदी आधी गोळा करायच्या आणि शेवटी एका कमांडने सगळ्या एकदम लागू करायच्या. रूट ५३मध्येही बदलांचा एक गठ्ठा पाठवला जातो. तो एक तर पूर्ण लागू होतो, नाही तर अजिबात होत नाही.

मोठ्या कंपन्यांच्याही चुका होतात का?

होतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘स्लॅक’ या कंपनीने आपल्या झोनवर ‘डीएनएसएसईसी’ ही सुरक्षा सुरू करायला घेतली. झोनने दिलेलं उत्तर खरंच त्याच झोनचं आहे, याची सही तपासण्याची ही पद्धत. अडचण दिसताच कंपनीने ती काढून टाकली. पण ‘या झोनची सही तपासा’ असं सांगणारी वरची नोंद २४ तासांसाठी ठिकठिकाणी जपली गेली होती. सही मागितली जात होती आणि सही तर काढून टाकलेली. त्यामुळे काही वापरकर्त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत त्रास झाला.

दुसरं उदाहरण २० ऑक्टोबर २०२५चं, ऐन दिवाळीतलं. अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात एका डेटाबेस सेवेच्या डीएनएस नोंदी आपोआप बदलणारी यंत्रणा होती. तिचे दोन भाग एकमेकांच्या आड आले आणि शेवटी त्या सेवेच्या नावापुढची नोंदच रिकामी झाली. सर्व्हर चालू होते, पण त्यांचा पत्ता कुणालाच मिळेना. जगभरातली अनेक अ‍ॅप तासन्‌तास बंद पडली.

म्हणजे माणसाने बदल करो वा यंत्राने, परत मागे येण्याचा रस्ता आधी ठरलेला हवा. त्यासाठी साधा नियम असा: मोठा बदल करायच्या आधी टीटीएल कमी करायचा, उदाहरणार्थ ३६००वरून ३००. जुनी मुदत संपेपर्यंत थांबायचं, मग बदल करायचा. काही बिघडलं, तर पाच मिनिटांत जुन्या जागी परतता येतं. सगळं सुरळीत झालं, की टीटीएल पुन्हा वाढवायचा.

जुन्या नावाचं काय?

नाव बदलल्यावर सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे.

जुन्या नावापुढे ‘सीनेम’ लावून नव्याकडे बोट दाखवलं की झालं, असं काहींना वाटतं. ते पुरत नाही. डीएनएस फक्त पत्ता सांगतं, ब्राउझरमध्ये दिसणारं नाव बदलत नाही. शिवाय सर्व्हरकडे जुन्या नावाचं प्रमाणपत्र नसेल, तर खातेदाराला थेट ‘ही साइट सुरक्षित नाही’ असा इशारा दिसतो. त्यामुळे जुन्या नावाचं प्रमाणपत्र चालू ठेवून वेब सर्व्हरवरूनच लोकांना नव्या पत्त्यावर पाठवावं लागतं. जुन्या नावावर येणारा ईमेलही सुरू ठेवावा लागतो.

आणि जुन्या नावाचं वार्षिक शुल्क भरत राहावं लागतं. हे शुल्क तुलनेने किरकोळ असतं. पण ते थकलं आणि नाव सुटलं, तर कुणीही ते विकत घेऊ शकतो. वर्षानुवर्षं पासबुकावर, कॅलेंडरवर आणि दुकानाच्या भिंतीवर छापलेला पत्ता मग दुसऱ्याच्या हातात जातो. फसवणूक थांबवण्यासाठी केलेल्या बदलातूनच फसवणुकीची नवी वाट उघडते.

खातेदाराने काय पाहावं?

झोन आणि कमांड सांभाळणं बँकेचं काम आहे. पण तीन गोष्टी तुम्हीही पाहू शकता.

पहिली, पत्त्याचा शेवट पाहा. ‘बँक डॉट इन’ हे शब्द पहिल्या तिरप्या रेषेच्या लगेच आधी यायला हवेत. ‘नमुना डॉट बँक डॉट इन डॉट काहीतरी डॉट कॉम’ हा पत्ता बँकेचा नाही. तो ‘काहीतरी डॉट कॉम’चा आहे.

दुसरी, जुना पत्ता टाइप करून पाहा. तो तुम्हाला नव्या पत्त्यावर नेतो का? नेत नसेल, तर शाखेत सांगा.

तिसरी, बँकेच्या नावाने आलेल्या ईमेलमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता पाहा. तो जुन्या नावाचा आहे की नव्या, याबद्दल शंका असेल तर त्यातल्या लिंकवर क्लिक करू नका. पत्ता स्वतः टाइप करा किंवा पासबुकावरच्या नंबरवर फोन करून विचारा.

तुम्ही एखाद्या पतसंस्थेच्या, बाजार समितीच्या किंवा शाळेच्या संचालक मंडळावर असाल, तर पुढच्या बैठकीत दोन प्रश्न विचारा: आपल्या डोमेनचा झोन कुणाच्या खात्यात आहे? आणि त्याची ताजी प्रत आपल्याकडे आहे का? पहिल्याचं उत्तर ‘वेबसाइट बनवणाऱ्या मुलाकडे’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ असेल, तर पासवर्ड आणि प्रत, दोन्ही त्याच आठवड्यात मागून घ्या.